डोळा आखताना वाजणारी गिटार

पेणकर आणि रोहेकरांनो, डीजेनं कान फुटले, आपल्याकडे चांगलं काही ऐकायलाच मिळत नाही, ही तक्रार आपण दरवर्षी करतो. मी तर ती माईकवरून ओरडून केली आहे. आज सकाळी मला तिची लाज वाटली.

आमच्या मंडळाची गणेशमूर्ती पाहायला पेणला वनिताताईंच्या कारखान्यात गेलो होतो. मूर्तीचे डोळे आखताना तिथे रेडिओसुद्धा बंद करतात. आज मात्र ताईंच्या मोबाईलवर गिटार वाजत होती.

"हे कसं काय चालतं?" मी विचारलं.

"भाऊ, भाषण मागाहून. डोळा चाललाय."

मी गुपचूप ऐकू लागलो. जाड तार संथ चालत होती आणि तिच्यावर एक सूर काहीतरी शोधत फिरत होता. मग सगळंच थांबलं.

"मोबाईल बंद पडला वाटतं," मी म्हणालो.

ताईंनी त्याच शांततेत ब्रशनं बुबुळाचा ठिपका टेकवला. लगेच सूर परत आला.

"गाण्यात शब्द असले की हात भरकटतो. ह्याच्यात नाय भरकटत," त्या म्हणाल्या. "वाजवणारा माझा भाचा हाय, रोह्याचा. डोलवीच्या स्टील कंपनीत शिफ्ट करतो आणि घरी स्वतःच्या रचना रेकॉर्ड करतो."

"वाजवताना तो मधेच असा का थांबतो?"

"त्यालाच विचारा, पण लवकर. कोण ऐकतंय, म्हणतो. रविवारी नेटवरनं सगळं काढून टाकणार हाय."

लिंक खाली दिली आहे. चार मिनिटांची ती रचना आजच शेवटपर्यंत ऐका आणि त्या थांबण्यात तुम्हाला काय ऐकू आलं, ते त्याला लिहा. मी लिहिलंय: एक मूर्ती माझ्याकडे बघू लागली.