कुसुमच्या हातातला कापूस

पाटी तोंडासमोर धरून मी ‘ई’ म्हनलं, अन् चौदा लेकरांनी चिमटीतला कापूस लांब वढला. पंधरावी माही कुसुम. तिच्या हातातला कापूस तसाच रायला. ती पाटीकडे पाहून रायली होती, पाटीवर काही लिहेल हाय का म्हनून.

मले वाटलं, तपासनीस बाई आल्या म्हनून मुद्दाम करून रायली. घरी चाल, मंग दाखवते तुले, असं मी मनात म्हनलं. हे आधीच सांगून टाकते, नाईतर मागून सांगनं होनार नाई.

बार्शीटाकळीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं विहाराच्या टिनाच्या खोलीत मी बालवाडी चालवते. मी सातवी नापास. अमरावतीले तीन महिन्याचं ट्रेनिंग केलं, तवा कुसुम सासूबाईपाशी होती. ट्रेनिंगमधे सांगतलं होतं, अक्षर गिरवाच्या आधी लेकराले आवाज वळखू द्या. इ अन् उ आखूड, त्याले ऱ्हस्व म्हनतात. ई अन् ऊ लांब, ते दीर्घ. आता चार वर्षाच्या लेकराले ऱ्हस्व म्हनून काय समजनार. म्हनून मी घरून कापूस आनला, सरकी काढलेला, अन् एकेक पुंजका सगयाच्या हातात देल्ला. आवाज आखूड आला त चिमटीनं तुकडा तोडाचा. लांब आला त वात वढल्यावानी वढत न्याचा, आवाज थांबला की थांबाचं.

लेकरं आठ दिवसात शिकले. कुसुम त सगयात पयली. कोनी चुकलं की मी म्हनो, कुसुमकडे पाहा.

त्या दिवशी अमरावतीहून बाई तपासनीले आल्या. त्यांच्या शेऱ्यावर माही नवकरी रायते का जाते हे ठरनार होतं. त्यांनी कापसाचा खेळ पायला, दोनदा पायला.

“वनिताबाई, तुमचा हातही मुलांसोबत ओढतो आहे,” त्या म्हनल्या. “मुलं ऐकतात की तुम्हाला पाहतात? हात मागे घ्या. पाटी धरा तोंडासमोर.”

म्हनून ती पाटी.

मी ‘उ’ म्हनलं. तुकडे तुटले. कुसुमनं बाजूच्या पोरीकडे पायलं, मंग तोडला. मी ‘ऊ’ म्हनलं. पुन्हा तसंच, सगयाच्या मागून, बाजूच्या पोरीचं पाहून. मले अजून बी राग येऊन रायला होता. बाई उठल्या, आमची सुट्टीची घंटा उचलली, कुसुमच्या मागं जाऊन उभ्या रायल्या अन् वाजवली.

सगये लेकरं दचकून फिरले. त्यांचं पाहून मंग कुसुम फिरली.

“ही कोणाची मुलगी?” बाईंनी इचारलं.

“माहीच व्हय, बाई.”

“हाक मारली की येते?”

पाटी कवा खाली ठेवली मले आठवत नाई. आदल्याच दिवशी, दिवस बुडता बुडता, कुसुम रस्त्यात उभी, मागून बंडी आली, बंडीवाला वरडून रायला, मी वट्यावरून वरडून रायली, अन् ही जागची हालत नाई. त्यानं बैल आवरले म्हनून. मी तिले वढत घरात नेलं अन् पाठीत दोन दनके देल्ले. सासूबाई म्हने, हेकट हाय, मायवर गेली. मागच्या उन्हायात तिले गोवर आला, तवापासून कान वाहे. मी लसन कढवून तेल सोडो. वाहनं थांबलं, मी समजली पोरगी बरी झाली. बोलनं कमी झालं, त आमी म्हनो शहानी झाली.

“येत नाई,” मी म्हनलं. “मी मारते तिले.”

बाईंनी वही मिटली. उद्या पहिल्या गाडीनं हिले अकोल्याले कानाच्या डॉक्टरपाशी न्या म्हनल्या, खोली एक दिवस बंद रायली त त्याचं मी वर सांगून देईन.

घरी कुसुमच्या बाबाले सांगतलं.

“तू त तिले रोज आवाज शिकोते,” ते म्हने. “तुले समजलं नाई?”

रागानं नाई म्हनले. खरंच इचारून रायले होते. सासूबाईनं पोरीले मांडीवर घेतलं, पाठमोरं केलं अन् हयूच म्हनलं, “कुसे.” मंग थोडं मोठ्यानं, “कुसे.” मंग लुगड्याचा पदर तोंडाले लावला.

अकोल्याच्या डॉक्टरनं बॅटरी लावून दोन्ही कान पायले. डाव्या कानाचा पडदा गेला म्हने. उजव्यात पू हाय, औषध चालू ठेवलं त तेवढा वाचंल. कानात तेल सोडाले कोनं सांगतलं, असं इचारलं. मी म्हनलं, कोनी नाई.

उजवा कान वाचला, पुरा नाई, पन वाचला. शेरा बी आला. ‘पद्धत चांगली. शिक्षिकेने हात मागे ठेवावेत.’ नवकरी रायली.

आता नवे लेकरं आले की मी अक्षर काही काढत नाई. आठ दिवस पाटी तोंडासमोर. कोन ऐकते अन् कोन पायते हे आधी समजून घेते. हाक मारली अन् लेकरू आलं नाई, त हात उचलाच्या आधी उठून त्याच्यापाशी जाते.

कुसुम माह्या डाव्या अंगाले, मले चिकटून बसते, उजवा कान माह्याकडं करून. पाटीआडून ‘ई’ म्हनलं की कापूस वढते, पन बाकीच्यापेक्षा थोडा आखूडच. तिले तेवढाच ऐकू येते. मी तो बरोबर धरते.