रोज येणारं एक गिऱ्हाईक

वेबसाइट बनवण्यात त्याची वीस वर्षं गेली. पहिली बनवली वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची. एरवी फोटोला तोंड फुगवणारे वडील तिच्यात चक्क हसत होते. वडील गेले, दुकान गेलं, तरी साइटवर रोज एक जण यायचाच.

"कुठलं तरी यंत्र भटकत येत असेल," म्हणत परवा सर्व्हर साफ करताना त्यानं ती पुसून टाकली. गिऱ्हाइकांच्या साइटच्या तीन-तीन प्रती ठेवणाऱ्या या शहाण्याकडे घरच्या साइटची एकही नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आज आईनं फोन पुढे केला. "अरे, दोन दिवस झाले, ह्यांचं दुकान उघडतच नाहीये."

त्यानं फोन हातात घेतला आणि उगाच पान पुन्हा उघडून पाहिलं.

"घाई नाही रे," आई म्हणाली, "उद्या उघडलंस तरी चालेल."