दुसऱ्याच्या हातची भाकरी

कराडच्या एस.टी. स्टँडामागं भाऊसोची खानावळ होती, तेव्हाची ही गोष्ट. आज तिथं जाऊन कुणाला सांगितलं, की बाबांनो, इथं एका कौलारू पडवीत पारूबाई नावाची बाई रोज दीड-दोनशे भाकरी थापायची, तर लोक हसतील. हसू देत. ज्यांनी ती भाकरी खाल्लीय त्यांना माहीत आहे. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी मुक्काम बदलून कराडला घेत, ते काही कराड बघायला नव्हे.

पारूबाई मूळची कुंडलची. आठव्या वर्षी आईनं भाकरीच्या काटवटीपुढं बसवली, पंधराव्या वर्षी मलकापूरच्या धोंडिरामच्या पदरात टाकली. सासरी अकरा माणसं. अकरा जणांच्या भाकरी दोन वेळा थापता थापता हात असा बसला, की भाकरी तिच्या हाताखाली आपणहून गोल फिरायची. धोंडिराम बाजारात हमाली करायचा. पुढं दिरांनी वेगळ्या चुली मांडल्या आणि पारूबाई भाऊसोच्या खानावळीत लागली. पहाटे मलकापुरातून चालत यायची, दिवेलागणीला चालत जायची. दोन्ही हातांची बोटं चटक्यांनी काळी पडलेली. कुणी विचारलं तर म्हणायची, "ही माझी मेंदी."

आता खरं सांगायचं ते सांगतो. एवढ्या भाकरी जिच्या हातून गेल्या, तिच्या पोटात गरम भाकरी कधी जायचीच नाही. चुलीपुढं बसलेल्या बाईला गरम भाकरी मिळत नसते. तव्यावरची दुसऱ्याच्या ताटात पडते. सगळ्यांचं झालं, चुलीतला आर विझला, की दुरडीच्या तळाशी राहिलेली चिवट चतकोर बाईची. पारूबाईला शेवटची गरम भाकरी मिळाली ती विजयमालाच्या बाळंतपणात, कुंडलला, आईच्या हातची. आई उंबऱ्यातनं ताट आत सरकवायची आणि म्हणायची, "वाफ हाय तवर खा, बये." त्याला वीस वर्षं झाली होती. आई जाऊनही बारा झाली होती.

कुणी म्हणेल, लेकीनं घालायची की करून. अहो, लेकीला तिनं चुलीजवळ फिरकू दिलं तर ना! विजयमाला पीठ मळायला बसली की पारूबाई परात ओढून घ्यायची आणि पुस्तक हातात द्यायची. "आसलं काळं हात घरात माझं एकटीचं बास हायती," म्हणायची. त्या हट्टानं पोरगी साताऱ्याला मास्तरणीचं शिकली आणि सहासष्टच्या उन्हाळ्यात तिला शाळेवर नेमणुकीचा कागद आला.

कागद आला त्याच दिवशी विजयमालानं फर्मान काढलं. "आयं, रविवारी आपण तिघं साताऱ्याला जायाचं. लिंब गावची बारा मोटांची विहीर बघायची, मग हाटेलात जेवायचं. त्या दिवशी तू चुलीकडं बघायचं सुदीक न्हाई."

"विहीर बघाय साताऱ्याला?" धोंडिराम तंबाखू मळता मळता थांबला. "आपल्या पाटलाच्या मळ्यात काय कमी विहिरी हायत्या? फुकट दावतो चल."

भाऊसोनं तर असं तोंड केलं, जणू पारूबाई रविवारी खानावळ उचलूनच घेऊन चाललीय. पण शेवटी हो म्हणाला. त्या रविवारी कराडात काय भाकरी झाल्या असतील, देव जाणे.

पहिली एस.टी. पकडली. पारूबाई खिडकीशी. नवं लुगडं, डोक्यावरनं पदर, मांडीवर मोकळे हात. ते मोकळे हात तिलाच बघवेनात. मधूनच दोन्ही तळवे एकमेकांवर थापायची आणि विजयमाला हळूच तिचा हात धरायची.

हमरस्त्यावर उतरून लिंबापर्यंत चालत गेले. ऊन मी म्हणत होतं. आंब्यांची झाडी लागली, आणि त्या झाडीत जमिनीला एकदम पायऱ्याच फुटलेल्या. धोंडिराम काठावरूनच वाकून बघून मागं सरला. "आरं तिच्या! ही विहीर न्हवं, ह्यो वाडा हाय पालथा घातलेला!" म्हणाला आणि वर आंब्याखाली बसायच्या तयारीला लागला. पण लेकीपुढं भित्रं ठरायचं नव्हतं म्हणून भिंतीला हात लावत लावत तोही उतरला.

पारूबाई पायऱ्या उतरू लागली. वर वैशाखाचा वणवा, आणि इथं एकेका पायरीगणिक गारवा वाढत चाललेला. दगडी दरवाज्यातून आत गेली आणि तिनं डोळेच मिटले. गालांना, कपाळाला, त्या भाजलेल्या बोटांना गार हवा लागत होती. अठ्ठावीस-तीस वर्षं ह्या बाईच्या तोंडावर फक्त धग आलेली. वारा असा तोंडाला लागतो हे ती विसरूनच गेली होती.

"आयं, काय झालं?" विजयमालानं विचारलं.

"काय न्हाई गं. जरा हितंच बसू."

विहिरीच्या पोटातच एक छोटा दगडी महाल आहे. खांब, कमानी, बसायला ओटा. पारूबाई तिथं बसली. खाली हिरवं पाणी, वर गोल आभाळ, आणि काठावर मोटांच्या जागा एकीला लागून एक. विजयमाला तिला सांगत होती, शाहू महाराजांच्या काळातली विहीर, आठ कोनांची, अशी न् तशी. पारूबाई तिच्या तोंडाकडंच बघत होती. आपली पोरगी वर्गात अशीच उभी राहून बोलणार, ह्याच विचारानं तिला भरून आलं.

"बरं आता सांग," विजयमाला म्हणाली. "जेवायला काय मागवायचं? श्रीखंड? मटण? आज तू म्हणशील ते."

पारूबाई म्हणाली, "मला बघ तव्यावरची भाकरी पायजे. गरम. दुसऱ्याच्या हातची. मी बसून खानार, कुनीतरी आनून वाढनार."

विहिरीत बोललेलं वर जातं, हे तिला कुठं माहीत! काठावर दोन-चार बापये पाय सोडून बसले होते. त्यातला एकजण ओरडला, "मावशी, भाकरी हितं न्हाई मिळायची, पानी हाय तेवडं प्या!" आणि वर सगळी हसली. पारूबाई लाजून अर्धी झाली.

धोंडिराम मात्र हसला नाही. त्याला ते लागलं. "म्हंजे मी काय तुला उपाशी ठिवली व्हय?"

"आसं कुटं म्हनले मी?"

"मग ह्ये इतक्या वर्सांत कवा बोलली न्हाईस ती?"

"आवं, इचारलं कवा कुनी?" पारूबाई सहज म्हणाली. रागानं नाही. पण धोंडिरामनं वर आल्यावर तंबाखूही काढली नाही.

साताऱ्यात लालासाहेबाची खानावळ त्या दिवसांत फार जोरात होती. दारातनंच रस्स्याचा वास यायचा. संगमरवरी फरशीची टेबलं, भिंतीवर देवादिकांची कॅलेंडरं, कोपऱ्यात रेडिओ आणि त्याच्यावर ताण करून ओरडणारे वाढपी. "दोन ताटं तिकडं! रस्सा वाढ! अय, कांदा कुटाय?" बाहेर लोक नंबर लावून उभे. रविवार, त्यात लग्नसराई. बायकामाणसांसाठी पडदा लावलेली एक बाजू होती, तिथं तिघांना जागा मिळाली. पारूबाई खुर्चीवर बसली. टेबलावर जेवायची तिची पहिलीच वेळ. पदर सावरला, हात पुसले, आणि अशी ताठ बसली की जणू फोटो काढायचाय.

ताटं आली. रस्सा फर्मास होता. भाकरी मात्र गार, कडेला चिरलेली, मध्ये कच्ची. त्या साली रेशनवर मिलो यायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी म्हणजे चांगल्या चांगल्या बायकांची परीक्षा.

धोंडिरामनं पडदा बाजूला सारला आणि आवाज चढवला. "आवं, गरम भाकरी आना की! तव्यावरची!"

"पावनं, आत एक बाई आन् भायेर साठ मानसं," वाढपी पळता पळता म्हणाला. "दुरडीत आसंल ती खावा."

धोंडिराम उठणार तेवढ्यात पारूबाईनं त्याला खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या. मी आपली हात धुवून येते." हात तसे स्वच्छच होते. पण तिचे डोळे भरले होते, आणि ते तिला त्या दोघांना दाखवायचे नव्हते. एवढी एक भाकरी. तीही नशिबात नाही, म्हणत ती मागं गेली.

मागं धुरानं भरलेली पडवी. एका चुलीपुढं चाळिशीची एक बाई घामानं निथळत बसलेली. काटवटीत पीठ, तव्यावर भाकरी, एक आरावर, आणि तिघंचौघं वाढपी तिच्या डोक्यावर उभे राहून बोंबलताहेत. त्या बाईनं मान वर केली, पारूबाईची काळी बोटं बघितली आणि सुटकेचा श्वास टाकला.

"आलीस व्हय गं बाई? सकाळधरनं वाट बघतीया. लालासाहेब म्हनला, धाडतो एक बाई. बस, बस. मी चंद्राबाई. पीठ वड तुझ्याकडं."

मी जेवायला आलेय, असं सांगायला पारूबाईनं तोंड उघडलं. पण तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. हात पुढं गेला, तोंड मागं राहिलं. भाकरी उलटली. मग चंद्राबाईला म्हणाली, "आगं, ह्या मिलोला गार पानी चालतंय व्हय? वैलावर आधन ठिव की." आणि चुलीच्या त्या बाजूच्या वैलावर स्वतःच पाणी ठेवलं. मग पदर खोचला. मग बसली. संपलं.

पाच मिनिटांत दोघींचा असा मेळ बसला, की एकीनं थापावी, दुसरीनं भाजावी. पारूबाई सगळं विसरली. हाताला काम मिळालं की ह्या बाईला जगाचा विसर पडायचा. टम्म फुगलेल्या भाकरी बाहेर जाऊ लागल्या, वाढप्यांचं ओरडणं कमी झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

एकाएकी दारात धोंडिराम उभा. हातात अर्धी भाकरी.

"अगं," तो म्हणाला, "ही भाकरी तोंडात घातली आन् म्हनलं, ही तर आपल्या घरची! कराडची भाकरी हितं कशी आली?" मग त्यानं तिचे पिठाचे हात बघितले. त्याचा चेहरा पडला. मागं विजयमाला येऊन उभी राहिली होती. ती तर रडायलाच लागली. "आयं, आजच्या दिस तरी!"

पारूबाई चोर सापडल्यासारखी उभी राहिली. चंद्राबाईला काही उमगेना. तेव्हा धोंडिराम तिच्यापुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, ही कामाला न्हाई आली. गिऱ्हाईक हाय. इतकी वर्सं हिनं दुसऱ्यांस्नी घातली, तिला दुसऱ्याच्या हातची एक गरम भाकरी पायजे हुती. मला ठावं न्हवतं. आज कळलं."

चंद्राबाई पारूबाईकडं बघत राहिली. आणि बघत असतानाच तिचा हात मागच्या फळीकडं गेला. तिथं एका डब्यात तिनं घरनं स्वतःपुरतं शाळू ज्वारीचं पीठ आणलेलं होतं, पांढरंशुभ्र. तिनं पाट मांडला. "बस, बये."

"आगं, भायेर मानसं…"

"बस म्हनते न्हवं!"

पारूबाई बसली. चंद्राबाईनं सावकाश, अजिबात घाई न करता एक भाकरी थापली. पाणी फिरवलं, उलटली, आराला उभी केली. भाकरी फुगली. तिनं ती चिमटीनं उचलून सरळ पारूबाईच्या ताटात टाकली, पापुद्रा फोडून आत तेलचटणी सोडली.

बाहेरून लालासाहेबाचा आवाज आला. "भाकरी कुटाय? मानसं खोळंबली हायती!"

"खोळंबू दे म्हनावं," चंद्राबाई तिथूनच ओरडली. "हितं बाई जेवाय बसलीया!"

पारूबाई रडत रडत खात होती, खात खात हसत होती, आणि विजयमाला तिच्या पाठीवरनं हात फिरवत होती. एक झाली, दुसरी झाली. तिसरीला नको नको म्हणताना तिनं अर्धी खाल्लीच.

बाहेर गलका वाढला होता. एस.टी.ची वेळ होत आली होती. पारूबाईनं हात धुतले, पदर नीट केला. आणि निघता निघता दारात थांबली.

"चंद्राबाई, तू कवा खाल्लीस गं? गरम?"

चंद्राबाई हसली. "मला कोन इचारतंय?"

पारूबाईनं वळून नवऱ्याकडं बघितलं. धोंडिराम म्हणाला, "एस.टी. काय, दुसरी मिळंल."

तिनं पदर परत खोचला. "सरक," म्हणाली. डब्यातलं उरलेलं शाळूचं पीठ काटवटीत ओतलं. चंद्राबाई पाटावर बसली खरी, पण तिला बसता येईना. ताट मांडीवर घेऊन तिचे डोळे आपले तव्याकडंच. भाकरी करपते का, आर कमी झाला का.

"तिकडं बघू नगंस," पारूबाई म्हणाली. "जेव."