राघूचं औषध

मथुराबाईचं डोकं लवकर तापतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परंड्याच्या वाटेवरच्या त्या गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. तिथं ती झाडलोट करायची, पाणी भरायची. बाहत्तर साली पावसानं दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरणं म्हणजे भांडणच झालं. टँकर आला की घागरीवर घागर आदळायची. पण दवाखान्याचा पिंप भरल्याबिगर मथुराबाई हलायची नाही. "मुकी जनावरं काय तुमच्यावाणी बोंबलत्यात व्हय?" म्हणत ती पुढं घुसायची.

नवरा बाबू पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. लेक लग्न होऊन बार्शीकडं गेलेली. घरात उरलं कोण, तर राघू.

लेकीच्या लग्नाच्या वर्षी लिंबाच्या ढोलीतून पडलेलं ते पिल्लू. डोळेसुद्धा उघडले नव्हते. बाबू म्हणाला होता, "जगायचं न्हाय ते." मथुराबाईनं हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, बोटाच्या टोकानं चारली आणि जगवून दाखवलं. त्या उन्हाळ्यात राघू रांगेतल्या बायकांचं बोलणं शिकला. दारावरून कुणी गेलं की ओरडायचा, "आलं का पाणी?" गल्ली हसायची. रेशनची तांबडी मिलो ज्वारी टाकली तर एकेक दाणा चोचीत धरून पिंजऱ्याबाहेर भिरकावायचा. "माझ्यासारखाच हाय, कुणाचं काय खपवून घेत न्हाय," मथुराबाई कौतुकानं सांगायची.

एका सकाळी तो ओरडला नाही. पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसला होता. डाळ तशीच पडलेली. श्वास घेताना नाकात बारीक कटकट वाजत होती. मथुराबाईनं पिंजऱ्यावर लुगड्याचं फडकं टाकलं आणि तो घेऊनच कामावर गेली.

कंपाउंडर बिभीषणनं पिंजरा बघितला आणि हसू दाबलं. "मथुरामावशी, हा जनावरांचा दवाखाना हाय."

"मग राघू काय माणूस हाय?"

"तसं न्हाय. गाई-म्हशी, शेरडं-मेंढरं. पाखरांचं आपल्याकडं काय येत न्हाय."

"डॉक्टरसाहेब कुठं हायेत?"

"छावणीवर. कवा येतील सांगता येत न्हाय."

त्या दिवसांत डॉक्टर दवाखान्यात कमी आणि चारा छावणीवर जास्त असायचे. मथुराबाईनं खराटा जोरजोरात ओढला, सगळी धूळ बिभीषणच्या टेबलावर गेली. डॉक्टर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं पिंजरा पुढं ठेवला. डॉक्टर चिडले नाहीत. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"खरं सांगू का बाई? मी बैल, म्हशी बघितल्या. राघू कधी हातात धरला नाही. कोंबड्यांना असं होतं तेव्हा एक पावडर पाण्यातून देतात. आपल्या कपाटात ती नाही. शेजारच्या गावात कोंबड्यांची सोसायटी निघाली आहे ना, तिथं मिळेल."

"म्या इतकी वर्सं हे कपाट पुसते साहेब. त्यात एक पुडी असू नये?"

 डॉक्टरांनी तिला कामावरून लगेच सोडलं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

राघूला सावलीत शेजारच्या सिताबाईपाशी ठेवून मथुराबाई चालत निघाली. दोन्ही बाजूंना ढेकळांची रानं, नांगरून तशीच पडलेली. सोसायटीच्या शेडला पत्रे होते, आत पांढऱ्या कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. सेक्रेटरी हिंमतराव बाहेर खाटेवर बसलेले.

"कुणाच्या कोंबड्या?" त्यांनी विचारलं.

"कोंबड्या न्हाय. राघू हाय माझा."

"औषध सोसायटीच्या सभासदांना असतं, बाई."

"मग करा मला सभासद!"

"अशी गंमत असती व्हय? आन् कपाटाची किल्ली चेअरमनकडं. ते गेलेत उस्मानाबादला मीटिंगला."

मथुराबाई तिथंच जमिनीवर बसली. हिंमतरावांनी दोनदा जा म्हटलं, ती उठली नाही. दिवस मावळायला आला, चेअरमन काही आले नाहीत. परतताना वाटेत तिनं हिंमतरावांना, चेअरमनला, पावसाला, सरकारला, कुणालाच सोडलं नाही. शिव्या संपल्या तरी गाव आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पुन्हा गेली. चेअरमन धोंडीबा दात घासत होते. तिनं भांडायची सगळी तयारी केली होती. त्यांनी ऐकून घेतलं, चूळ भरली, किल्ली काढली आणि कागदात पावडर बांधून दिली. "चिमूटभर पाण्यातनं दे," एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत. भांडण तोंडातच राहिलं. 'एवढंसंच होतं तर काल का न्हाय?' हे ती कुणाला विचारणार?

पावडरीचं पाणी कापसाच्या बोळ्यानं चोचीत सोडलं. संध्याकाळी राघूनं एक डाळ उचलली. मथुराबाईनं दारात येऊन सगळ्या गल्लीला सांगितलं. बाबूही कामावरून आल्या आल्या पिंजऱ्यापाशी बसला. पण सकाळी पाणी आत जाईना, चोचीच्या कडेनं गळायला लागलं. दुपारी ती दवाखान्यातून धावत घरी आली, तर राघू पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पडला होता.

सिताबाई म्हणाली, "जाऊ दे गं. छावणीत जनावरं मरायलीत, आन् तू पाखरापायी बसलीस."

"छावणीतली मेली म्हणून माझा राघू कमी मेला का?" मथुराबाई कडाडली. सिताबाई घरात निघून गेली.

तिला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. आणि राग कुणावर काढावा, तेच कळत नव्हतं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. धोंडीबांनी औषध दिलं होतं.

बाबू आला. दिवसभर खडी फोडून त्याचे हात सुजले होते. तो पहार घेऊन घरामागं गेला. भुई दगडासारखी झालेली, पहार टणटण वाजत होती.

"आणखी खोल घ्या. कुत्री उकरतील."

"बास झालं की."

"खोल घ्या म्हणते ना!"

बाबूनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा पहार उचलली. कोपरभर खोल गेला तेव्हा ती गप झाली. राघूला फडक्यात गुंडाळून तिनं स्वतः आत ठेवलं, वर माती लोटली, दगड ठेवला. त्या दिवशी चूल पेटली नाही. बाबूनं कामावर खायला मिळालेली सुकडी दोघांच्या पुढं ठेवली, तीही तशीच राहिली.

महिन्याभरानं डॉक्टर छावणीवरून येताना एका टोपलीत राघूचं पिल्लू घेऊन आले. कुणीतरी त्यांना दिलं होतं. "बाई, तुमच्यासाठी," ते जरा अवघडून म्हणाले. बिभीषणही कौतुकानं बघायला लागला.

मथुराबाईनं टोपलीत डोकावलं. पिल्लानं चोच उघडली. तिचा हात पुढं गेला, आणि तिनं तो मागं घेतला.

"आधी कपाटात ह्येचं औषध येऊ द्या साहेब," ती म्हणाली, "मग पाखरू आणा."

डॉक्टर टोपली धरून उभेच राहिले. ती घागर उचलून टँकरकडं निघाली, तिथं बायकांची हाणामारी सुरू झाली होती.