तांबड्या बोटांचे काका

काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम तांबडी असत. सांगलीतल्या एका क्षयाच्या दवाखान्यात ते रुग्णांचा बेडका काचेवर पसरून, रंग देऊन भिंगाखाली तपासत. त्या रंगात जंतू तांबडे दिसत, बाकी सगळं निळं. कोपरापर्यंत साबण लावला तरी बोटं तशीच राहत. "मेंदी हाय," खिडकीपाशी रांगेत उभ्या बायकांना ते सांगत, "लगीन ठरलंय माजं." पन्नाशीच्या त्या विधुराचं बोलणं ऐकून बायका हसत आणि हसता हसता पुन्हा खोकत.

ते जतकडचे, मेंढपाळांच्या घरातले. घरात मॅट्रिक झालेले पहिलेच. त्यामुळे जंतूंबद्दल बोलतानाही त्यांच्या तोंडी मेंढरंच येत. "गोचीड मेंढीला मारत न्हाई, ताई," ते मला एकदा म्हणाले. "मेंढी मेली तर गोचिडीनं ऱ्हायाचं कुठं? ह्यो जंतू बी तसलाच. घाई न्हाई त्याला. छातीत वरसंच्या वरसं गप पडून ऱ्हातो. माणूस खंगला, उपाशी पडला, की उठतो." मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला होते. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, क्षय झाला होता. दर महिन्याला त्याच्या बेडक्याची डबी आमच्या गावाहून, कुंडलहून, एस.टी.ने मीच आणत असे. त्यातून ही ओळख झाली.

गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या होत्या. चौथ्या महिन्यात दादाच्या अंगाला मांस धरलं आणि त्याच सुमाराला त्याचं लग्न ठरत आलं. मुलीकडच्यांच्या कानावर काहीतरी गेलं असावं. त्यांनी दवाखान्याचा कागद मागितला.

"मला आता काय झालंय?" दादा म्हणाला. "पर उगं एखादा जंतू घावायचा. तूच थुंक की डबीत. कोण बघतंय?"

मी थुंकले. माझा भाऊ बरा झाला आहे, यावर माझाही विश्वास बसला होता.

काका प्रत्येक काचेवरच्या शंभर जागा बघत आणि अंगठा बोटांच्या पेरांवर सरकवत त्या मोजत. त्या दिवशी त्यांनी दोनदा मोजलं. मग भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "ही काच माझ्या वळखीची न्हाई." बाकी काही विचारलं नाही, कागदही दिला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने येऊन ते आमच्या अंगणात उभे राहिले. हातात रिकामी डबी होती.

"गड्या, खोक," ते दादाला म्हणाले.

"लगीन मोडंल माजं."

"मोडंल. त्या पोरीची छाती तरी शाबूत ऱ्हाईल."

त्या काचेवर तांबडे जंतू निघाले. लग्न मोडलं.

दादा त्यानंतर त्यांच्याशी बोलला नाही. तरी दर रविवारी काका आठवड्याच्या गोळ्या घेऊन येत, आतल्या खोलीत खाटेपाशी बसत आणि त्या दिवसाच्या गोळ्या समोर घ्यायला लावत. शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून दादा खिडकी लावून घेई. काका ती उघडत. दादा उठून पुन्हा लावी. "साप मारायचा तर पुरता मारावा," काका म्हणत, "अर्धा मारला की डूख धरतो." मग स्वतःच दुरुस्ती करत, "जंतू कशाचा डूख धरतोय म्हणा. औषधाला दबणारे मरत्यात, न दबणारे मागं ऱ्हात्यात. मग त्यांचाच कळप."

एकदा वैरण काढताना गोठ्यामागे कडब्याच्या पेंढ्यांखाली मला गोळ्या सापडल्या. तोंडातून काढून टाकलेल्या, फुगलेल्या, पुष्कळ. घरात आधीच अबोला होता. मी त्या उकिरड्यात पुरल्या आणि गप्प राहिले. काका येत राहिले. पुढे दादाला गोळ्या लागूच पडेनात. मुंबईत नवं औषध आलं आहे असं ऐकून काकांनी पत्रं लिहिली, पण ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. दादा ऐन ऊसतोडीत गेला.

पुढच्या वर्षी कळलं की काका त्याच दवाखान्यात खाटेवर आहेत. स्वतःची काच त्यांनी स्वतःच बघितली होती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची बोटं पांढरी होती. तीन महिने हात रंगात गेला नव्हता, आणि गोळ्यांचा गुण येत नव्हता.

"काका, हे दादाचेच जंतू असतील का?"

"मेंढराला खूण करता येती, ताई. ह्यांच्यावर कुणाची खूण नसती. भिंगाखाली समदे सारखेच."

मग मी गोठ्यामागच्या गोळ्यांचं सांगितलं.

"तवाच सांगायचं हुतं," ते म्हणाले. मग विचारलं, "खोकला हाय का तुमाला?"

"थोडा."

त्यांनी खाटेखालून झाकणाची डबी काढून माझ्या हातात दिली. "उद्या सकाळचा बेडका आणा. ह्या बारीला तुमच्याच नावानं."

दादाच्या नावानं दिलेल्या त्या डबीत कोण थुंकलं होतं, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी माझी काच तपासली. जंतू दिसले नाहीत. काकांनी ती काच मागून घेतली आणि उजेडात धरली. नुसत्या डोळ्यांना फिकट निळ्या डागापलीकडे काही दिसत नव्हतं.

"वळखीची हाय," ते म्हणाले.

पंधरवड्यात काका गेले. अजूनही घरात कुणी खोकलं की मी आधी उठून खिडकी उघडते.