मामांच्या उंचीचा डोह

गोदावरीचा डोह मोजायला मत्स्य खात्याने मला शहागडला धाडलं, तेव्हा मला पोहता येत नव्हतं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वर पैठणला धरण होत होतं आणि खडशी मासा नदीत दिसेनासा होत चालला होता. भर उन्हाळ्यातही डोहात पाच फूट पाणी टिकत असेल तरच खडशी जगेल, असा आमच्या साहेबांचा हिशोब. टिकत असेल तर तिथे जाळ्याला बंदी, नाहीतर डोह मासेमारीच्या ठेकेदाराला.

माझ्या मदतीला एक वयस्कर भोई होते, गाव त्यांना मामा म्हणायचं. त्यांच्या घरातल्या कुणी त्या डोहात कधी जाळं टाकलं नव्हतं. "मासा उन्हाळा काढून राह्यला तिथं," म्हणायचे, "त्याला कशाला उठवायचं?"

खुणांची काठी मीच पाण्यात उतरून वाचायची होती, मामांना आकडे येत नव्हते; म्हणून न उतरता मोजायची मी शक्कल काढली. मामांना काठावर ताठ उभं केलं आणि टेपने गुडघा, कंबर, छाती, गळा मोजून कोष्टक बनवलं. मामा बुटके, त्यांचा गळा चार फुटांवर; डोकं बुडालं की पाच धरायचे. ते डोहात उभे राहून "कंबर" म्हणाले की मी बाभळीखाली बसून कोष्टकातले फूट लिहायचो. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

ऐन वैशाखात मामांना ताप आला. त्यांच्या जागी त्यांचा मेव्हणा आला, चांगला सहा फुटी. तो मधोमध उभा राहून म्हणाला, "गळा." मी लिहिलं, चार फूट. त्याला वेगळं मोजावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नकाशात खडशीच्या जागा निळ्या रंगवायच्या होत्या. पाच फुटांची एकही निघाली नाही.

साहेब जातीने आले. तेही बुटकेच. तापातून उठलेले मामा काठावर बसले होते. साहेब म्हणाले, "चारच फूट ना? मीच बघतो." पँट काढून, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर ते मधोमध गेले आणि दिसेनासे झाले. शेजारीच मेव्हणा गळाभर पाण्यात निवांत उभा होता. त्याने काखेत हात घालून साहेबांना वर काढलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साहेब खोकत म्हणाले, "पायाला काहीतरी मोठं घासून गेलं."

"तीच खडशी, साहेब," मामा म्हणाले.

मी कोष्टकाची भानगड कबूल केली. मामा उठून माझ्याजवळ आले. "म्हंजे मला ताप आल्ता म्हणून डोह ठेकेदाराच्या घशात चालला होता? एकबार तरी उतरायचं, सर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला पोहता येत न्हाई, मामा," मीही त्यांच्यासारखंच बोलून गेलो.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि तसंच डोहात नेलं. माझ्या दुसऱ्या हातात मोजायची काठी होती. गार पाणी माझ्या छातीला आलं, गळ्याला आलं, हनुवटीला लागलं; बुटके मामा शेजारी पोहत होते. काठीवरची पाच फुटांची खूण बुडाली तेव्हा मी भीतीने थरथरत होतो आणि आनंदाने रडतही होतो.

"बराबर," मामा म्हणाले. "आता लिहा."

वही काठावर होती. मामांचं धोतर नेसून बसलेल्या साहेबांनी ती उचलली, चार खोडून पाच केले आणि खाली लिहिलं, जाळं बंद.