तिसऱ्या लायनरच्या वेळी

गॅरेजच्या पाटीवर नाव वेगळंच होतं, पण मालकाला सगळे 'चूप मिस्त्री' म्हणत. मिस्त्री काही मुका नव्हता. जेवताना, चाक उतरवताना, बायकोने सांगितलेलं काम विसरल्यावर तो भरपूर बोले. पण इंजिनात लायनर बसवायची वेळ आली की हात वर करून एकच शब्द टाकी, "चूप!" मग गिऱ्हाईक असो, शेजारी असो की चहा घेऊन आलेली बायको, सगळ्यांनी जिभेला कुलूप घालायचं.

लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो लोखंडी नळा. त्याच्या बाहेरून इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं आणि खाली तेल असतं. दोघांच्या मधे काय, तर एक रबरी कडी. "ही कडी पिरगळली की पाण्याचा आणि तेलाचा संसार सुरू," मिस्त्री म्हणे, "आणि तो काही सुखाचा होत नाही." कडी सरळ बसली की बोटांना कळतं आणि कानाला ऐकू येतं, असा त्याचा दावा होता. बायकोचं मत जरा वेगळं होतं. "मला गप्प करायचा एवढा एकच मार्ग सापडलाय त्यांना. तो कसे सोडतील?"

एका सकाळी गॅरेजच्या दारात दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून एक जुना ट्रॅक्टर ओढत आणला, आणि मिस्त्रीने तो लांबूनच ओळखला. ट्रॅक्टर व्याह्यांचा होता. वर स्वतः व्याही बसले होते, मडगार्डवर मिस्त्रीची लेक.

"मिस्त्रीबुवा," व्याही खाली उतरायच्या आधीच बोलू लागले, "आम्ही तुमच्याकडे ट्रॅक्टर दिला होता, तुम्ही गाय करून पाठवलीत. दूध देतेय!"

लेकीने तेल मोजायची पट्टी ओढून बापापुढे धरली. पट्टीवर तेल नव्हतंच. होती ती फिकट तपकिरी, फेसाळ खळ, भरपूर दूध घातलेल्या कॉफीसारखी. पातळी खुणेच्या दोन बोटं वर. "आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतंय, बाबा."

तेल वाढतंय, पाणी घटतंय. पाणी कुठे जातंय हे विचारायची गरज नव्हती. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या वाटेने. आणि मिस्त्रीची मिशी त्या वाटेवर अडकली होती. तेरा महिन्यांपूर्वी हेच इंजिन त्याने नात्याखातर पूर्ण उघडून नव्याने बांधून दिलं होतं, आणि व्याह्यांच्या अंगणात त्यांच्या सगळ्या गोतावळ्यासमोर छाती फुगवून सांगितलं होतं, "दहा वर्षांत या तेलात पाण्याचा थेंब दिसला, तर मिशी काढून तुमच्या हातात देईन."

व्याही आता मिशीकडेच बघत होते.

"हेड गास्केट उडालं असणार," मिस्त्री म्हणाला. इंजिनाच्या डोक्याखालचं ते पॅकिंग इंजिन तापलं की फाटतं, आणि तापवणारा असतो चालवणारा. "व्याहीबुवा, इंजिन जास्त तापवलंत का कधी?"

"मी? मी स्वतः तापत नाही, इंजिन कशाला तापवेन? विचारा सूनबाईला."

"आबांचं काही सांगता येत नाही, पण इंजिन तापलेलं नाही," लेक म्हणाली. ती याच गॅरेजमध्ये पान्यांशी खेळत मोठी झाली होती. बापाला 'हेड गास्केट' का आठवलं, ते तिला पुरतं कळलं होतं.

मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढलं आणि मिनिटभरच इंजिन चालू केलं. गास्केट फाटलं असेल तर सिलिंडरमधली हवा पाण्यात घुसते आणि बुडबुडे येतात. तो पाण्यात डोळे घालून उभा राहिला. आयुष्यात एवढ्या आशेने त्याने बुडबुड्याची वाट पाहिली नव्हती. पाणी आपलं निवांत. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"काय म्हणतंय गास्केट?" व्याह्यांनी विचारलं.

"अजून काही म्हणत नाही."

मग त्याने तेल काढलं. बोल्ट सैल करताच आधी पाणीच आलं, त्याच्यामागून ती कॉफी. खालचं चेंबर उतरवून तो पाठीवर झोपून इंजिनाखाली सरकला. वर रेडिएटरला त्याने जुनं झाकण लावलं होतं, ज्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. लेक सायकलचा पंप घेऊन हवा भरू लागली. पाण्यावर दाब आला की फट जिथे असेल तिथून थेंब बाहेर पडणारच.

"वीस वेळा पंप मार आणि थांब," खालून आवाज आला.

खाली चार लायनरची चार तोंडं ओळीने दिसत होती. पहिलं कोरडं. दुसरं कोरडं. चौथं कोरडं. तिसऱ्याच्या बाहेरच्या कडेला काहीतरी चमकलं, फुगलं, लोंबलं आणि टपकन मिस्त्रीच्या कपाळावर पडलं. पुसतोय तोवर दुसरा थेंब.

गास्केट असतं तर पाणी लायनरच्या आतून उतरलं असतं. हे बाहेरून येत होतं. म्हणजे कडी. म्हणजे त्याचेच हात.

"काय दिसतंय, बाबा?"

"बघतोय."

तो बघत नव्हता, विचार करत होता. इंजिनाचं डोकं उघडल्यावर गास्केट नवं घालावंच लागतं. 'गास्केट' म्हणून सांगायचं, जाता जाता कड्याही बदलायच्या. कोणाला कळणार? इंजिनाखाली तो एकटाच होता. मिशीही सुरक्षित, नातंही. तिसरा थेंब बरोबर मिशीवर पडला.

शेजारी खरखर झाली. लेक पाठीवर सरकत त्याच्याजवळ आली होती. तिने वर पाहिलं, मग बापाकडे. हाताने त्याच्या मिशीवरचं पाणी तेवढं पुसलं.

मिस्त्री बाहेर आला. "व्याहीबुवा, गास्केट नाही. तिसऱ्या लायनरची कडी. माझ्या हातून चुकली. इंजिन बांधून झालं की मिशी मिळेल."

व्याह्यांची नजर मिशीवरून निघाली आणि ट्रॅक्टरच्या चाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बापलेकीने इंजिन उघडलं. तेलात पाणी जाऊनही बेअरिंगं वाचली होती, तेवढं नशीब. तिसरा लायनर निघाला, आणि कडी एका जागी पिळलेली, कडेला चिरलेली निघाली. ती हातात धरल्याबरोबर मिस्त्रीला तो दिवस जसाच्या तसा आठवला. व्याही आज बसले होते त्याच स्टुलावर बसून आपल्या मुतखड्याची कहाणी सांगत होते. पहिल्या लायनरला दुखायला लागलं, दुसऱ्याला डॉक्टर आले, तिसऱ्याला खडा हलला, आणि मिस्त्री "हो का? बापरे!" म्हणत लायनर दाबत होता. चौथ्याला ते चहा प्यायला आत गेले होते. गिऱ्हाइकाला 'चूप' म्हणता येतं. व्याह्यांना कसं म्हणायचं? लेक त्यांच्या घरात दिलेली.

त्याने कडी खिशात टाकली. चूक एकाची असो की दोघांची, पाना ज्याच्या हातात त्याची.

नवीन कड्यांना साबणाचं पाणी लावून तो पहिल्या लायनरपाशी वाकला. व्याही स्टुलावर सावरून बसले. "बरं का मिस्त्रीबुवा, त्या खड्याचं पुढे काय झालं..."

मिस्त्रीचा हात वर गेला. लेकीने श्वास रोखला.

"चूप!"

व्याही दचकले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग विचारी झाला. गॅरेजमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकू येऊ लागली. पहिला लायनर टप्प करून बसला. दुसरा बसला. व्याही एवढा वेळ गप्प कधी बसले नव्हते, त्यामुळे त्यांना विचार करायलाही एवढा वेळ कधी मिळाला नव्हता. तिसरा लायनर टप्प झाला, तसे ते हळूच म्हणाले,

"मिस्त्रीबुवा, मिशी राहू द्या. गेल्या वेळी तिसऱ्याला... मी बोलत होतो."

लेक तोंड वळवून हसली. मिस्त्रीने मान वर केली नाही. मिशीखाली मात्र काहीतरी हललं.

"चौथा राहिलाय अजून," तो म्हणाला. "चूप."